काकांचा बोळका चेहरा

मी एक जुना प्लास्टरचा चेहरा आहे. डोळे मिटलेले, नाकाच्या शेंड्याचा टवका उडालेला आणि तोंड पार आत बसलेले. मला पाहून मुले हसतात. हसोत बापडी! पण मित्रांनो, माझ्यामुळे एका मुलीचे अख्खे शिक्षण पाण्यात जायची वेळ आली होती. ते कसे वाचले हे माझ्याइतके नीट कुणी सांगू शकणार नाही, कारण बाकीचे सगळे आपापली चूक झाकून सांगतात.

मी ज्यांचा चेहरा आहे ते काका बसचे कंडक्टर होते. त्यांची पुतणी रंगभूषा शिकत होती. लग्नाला नटून जायची रंगभूषा नव्हे हं. नाटकासिनेमात लागतात तसल्या खोट्या जखमा, भाजलेली कातडी, म्हातारपणाच्या सुरकुत्या हा तिचा विषय. दिवसभर मातीचा गोळा घेऊन ती काहीतरी कोरत, कुरतडत बसायची, म्हणून काका तिला खारूताई म्हणायचे.

आदल्या वर्षी खारूताई नापास झाली होती. तिने चिकटवलेल्या जखमेची कड परीक्षकांच्या डोळ्यांदेखत सुटून आली होती. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले होते की पुन्हा नापास झालीस तर नाव कमी होईल. वडिलांनी आपल्या चष्म्याच्या दुकानात तिच्यासाठी खुर्चीसुद्धा मांडून ठेवली होती. खारूताईने मात्र परीक्षेची तयारी सुरू केली. तिने वहीत आगीतून वाचलेल्या एका माणसाचे चित्र काढले. त्याचा उजवा गाल आणि जबडा जळून, मग बरा झालेला होता. चित्र घेऊन ती काकांकडे गेली, कारण असा ठसठशीत हाडांचा चेहरा घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आता माझा जन्म ऐका. काकांना कवळी होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण तो शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. काकू सफरचंदाच्या फोडी कागदासारख्या पातळ कापायच्या आणि का कापतेस असे कुणी विचारायचे नाही. काका तर चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे की माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. चेहऱ्याचा साचा घेताना मात्र समोरच्याला कवळी आहे का, असली तर ती ठेवायची की काढायची, हे आधी विचारावेच लागते. बाईंनी ते वर्गात दोनदा बजावले होते. खारूताईच्या ओठांवर तो प्रश्न आला आणि तिने तो गिळला. थोरल्या काकांना असे कसे विचारायचे?

इकडे काकांची वेगळीच पंचाईत. त्यांना वाटले, साच्यासाठी कालवलेला हा गुलाबी लगदा तोंडात गेला आणि कवळी त्यात रुतून बाहेर आली तर शोभा व्हायची. खारूताई पाणी आणायला वळली तशी त्यांनी कवळी काढली आणि खिशात टाकली. मग नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवून तिने त्यांचे तोंड लगद्याने लिंपले आणि त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या बसवल्या. साचा निघाला, त्यात प्लास्टर ओतले, आणि मी जन्माला आलो. बोळका! काका तोंड धुवायला गेले ते दात घालूनच परतले.

माझे बसलेले तोंड पाहून खारूताईला वाटले, ओल्या पट्ट्यांच्या वजनाने दबले असेल. बाईंना वाटले, माणूसच बोळका असेल. ताकाला जाऊन भांडे लपवले की असे होते.

पुढचे दोन महिने मी तिच्या टेबलावर होतो. ती माझ्या गालावर मातीने जखम घडवायची, बघायची आणि खरवडून टाकायची. एकदा जखमेचा साचा माझ्यावर ओतताना ती मध्ये व्हॅसलीन लावायला विसरली आणि मला ओढून काढताना माझ्या नाकाचा टवका गेला. तिने तुकडा झाडून टाकला आणि ती पुन्हा कामाला लागली. चौथ्या खेपेला मातीच्या जागी रबरासारखे मऊ द्रव्य ओतून जी कातडी निघाली, ती पाहून मी स्वतःच चरकलो. खरोखर भाजल्यासारखी! तिची कड कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाल्या की आता हिला जप. माझी छाती फुगली असती, पण मला छाती नाही.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना तिने ती कातडी काकांच्या गालावर लावून पाहिली. बसेना. माझ्यावर चपखल बसे, काकांच्या जबड्यावर मात्र कड बोटभर उचलून राही. तिने चारदा लावली, चारदा काढली. वडील दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले की आता पुरे, हे आपलं काम नाही. काका मूग गिळून बसले होते. एक शब्द बोलले असते तर उलगडा झाला असता, पण तो शब्द त्यांच्या तोंडून फुटेना. मला त्यांचा फार राग आला, मित्रांनो. चेहरा त्यांचाच असून आला.

वडील गेल्यावर खारूताईने दोरा घेतला. नाकापासून हनुवटीपर्यंत मला मोजले, मग काकांना मोजले. काकांचे माप अंगठ्याच्या रुंदीएवढे जास्त भरले. ती त्या दोऱ्याकडे बघत राहिली आणि तिला सगळे कळले. काकांची मान खाली गेली.

"तुमचं काही चुकलं नाही काका," ती म्हणाली. "विचारायचं काम माझं होतं. मी दुसरी करते."

नवा साचा घेऊन वाळवायला वेळ नव्हता. तिने मापे घेऊन माझेच गाल मातीने भरून काढले आणि त्यावर सगळे काम पुन्हा केले. रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. जेवायला बोलावले की येते म्हणायची आणि यायची नाही. काका येऊन बाजूला बसत आणि तिची हत्यारे पुसून ठेवत. पण दोन महिन्यांचे काम तीन दिवसांत कसे व्हावे? दुसरी कातडी निघाली ती जाड कडेची, मध्ये दोन बुडबुडे राहिलेली.

परीक्षेच्या दिवशी ती मला पिशवीत घालून घेऊन गेली. माती काढून पहिली कातडी नमुना म्हणून माझ्यावर बसवलेली होती, दुसरी डब्यात. मोठ्या खोलीत आरशांपुढे खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत कुणाचे ना कुणाचे नातेवाईक, शेजारी. काकांच्या शेजारच्या खुर्चीत नेमके त्यांच्याच बसचे जुने ड्रायव्हर निघाले. बत्तीस दातांची फुशारकी काकांनी सर्वांत जास्त ज्यांच्यापुढे मारली, तेच.

खारूताईने डबा उघडून दुसरी कातडी उचलली. काकांनी तिचा हात धरला.

"ही नको. पहिली लाव."

"पहिली बसत नाही काका. हिची कड मी घेते सांभाळून."

"मला पुष्कळ सांभाळलंस," काका म्हणाले. त्यांनी सगळ्यांदेखत तोंडात बोटे घातली, कवळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "धर. आणि लाग कामाला."

खोलीत कुजबूज झाली आणि थांबली. ड्रायव्हर खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, "शेवटची पाच वर्षं मी दिलेले शेंगदाणे खिशात टाकायचास. मला काय कळत नव्हतं?"

काकांनी गाल पुढे केला. खारूताईने कवळी स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवली आणि काम सुरू केले. कातडी जबड्यावर अलगद बसली. तिने कड विरघळवून गालात मिसळून टाकली, लाल, तपकिरी, पिवळट असे एकावर एक रंग चढवले.

परीक्षक आले. त्यांनी नखाने कड शोधली, ती सापडेना. मग ते काकांना म्हणाले, "आता मोकळेपणी हसून दाखवा."

मागच्या वर्षी कड सुटली ती याच वेळी. काकांनी एकदा ड्रायव्हरकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि हसले. ओठ मिटून नव्हे. सगळ्या खोलीला हिरड्या दिसतील असे, आ वासून, खदखदून हसले. कातडी त्यांच्या गालाबरोबर ताणली, मुडपली आणि जागची हलली नाही.

खारूताई पास झाली. पहिली आली नाही, कानामागचा रंग कच्चा राहिला म्हणून गुण कापले गेले. पण पास झाली.

मित्रांनो, मी आता तिने पुढे काढलेल्या कारखान्यात फळीवर असतो. मला पुसायचे तर कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याने मी भुसभुशीत होतो. आणि ज्यांच्यावर तुमची माया आहे त्यांना विचारायचे ते वेळेवर विचारा. मान राखायचा म्हणून गप्प बसू नका. साचा घ्यायला कुणी आले की खारूताई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसते आणि विचारते, "कवळी आहे का?" काही जण चिडतात, काही उठून जातात. ती तरी विचारते.