बोकडाचे चौसष्ट तक्ते

हॉलिवूडमधल्या एका कार्टून स्टुडिओत मी धुणारीण होते. कपडे नव्हे, चित्रं. सेल्युलॉइडचे आरपार दिसणारे तक्ते असायचे. पोरी त्यांच्यावर पुढून शाईने रेघा काढत, मागून रंग भरत. मग वरच्या मजल्यावर एकेका तक्त्याचा फोटो निघायचा आणि तो माझ्या टबात यायचा. लढाई लागल्यापासून नवे तक्ते मिळेनात, म्हणून तेच पाच-पाच वेळा धुऊन वापरायचे. वीस पोरींनी आठवडाभर मान मोडून जे काढलं, ते मी जेवायच्या सुट्टीपर्यंत मोरीत सोडून द्यायची. सोड्याच्या पाण्याने बोटांना भेगा पडायच्या. तक्रार केली नाही. कुणाकडे करणार?

मला सगळे तेता म्हणत, म्हणजे समुद्रापलीकडच्या आमच्या दाल्मेशियाच्या बोलीत मावशी. घरी मुलगा, दोन सुना, चार नातवंडं, आणि माझ्या शब्दाशिवाय चूल पेटायची नाही. सान पेद्रोच्या बंदरातली आमची मासेमारीची बोट आरमाराने नेली, आणि तिच्याबरोबर माझा थोरला, लूकाही नेला.

आता एक गोष्ट सांगून टाकते. तिकडे आमच्या बेटावरच्या शाळेत मी तीन यत्ता शिकले, त्याही आमच्या भाषेत. इंग्रजी बोलण्यात, भांडण्यात मी कुणाला हार जायची नाही, पण वाचायला ठो! हे कुणालाच ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. सेन्सॉरला कळावी म्हणून लूकाची पत्रं इंग्रजीत यायची, ती रंगकामावरची एल्वा वाचून दाखवायची. ओक्लाहोमाची लुकडी पोर. नवरा इटलीत लढत होता, लेक घरमालकिणीजवळ.

"चष्मा घरी राहिला गं," मी म्हणायची.

"तेता, तुमचा चष्मा रोज घरीच कसा?"

"राखण करतो. तुझ्यासारखा भटकत नाही."

रॅक एकच होता. फोटो व्हायचा असलेल्या गठ्ठ्याला लाल दोरी बांधायची, झालेल्याला काही नाही. आंधळीनेही काम केलं असतं. त्या वसंतात दोरी मिळेना, म्हणून मुख्य बाईंनी, मिस थेअरनी, पोरींना सगळ्या गठ्ठ्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या लावायला सांगितलं. मी सगळ्यांदेखत मान डोलावली. मग माझी मीच खूण शोधली : एक शब्द असला की धुवायचं, दोन असले की थांबायचं. दीड महिना निभावलं.

त्या बुधवारी चौसष्ट तक्ते होते. शिरस्त्राण घातलेला बोकड शत्रूचे नकाशे चघळतो आणि शेवटी ढेकर देतो, असं लष्करासाठी केलेलं कार्टून. चिठ्ठीवर एकच शब्द. मी चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली आणि बोकडाला बुडवलं. आधी दाढी गेली, मग डोळे. पाणी करडं झालं.

तीन वाजता वरून माणूस आला. "बोकडाची ढेकर कुठाय? शुक्रवारी लष्कराचे लोक बघायला येतायत!"

तक्ते दोरीवर वाळत होते, कोरे, लख्ख.

मिस थेअर आल्या. तीन रात्री झोप नसल्यासारखा चेहरा. "गठ्ठा रॅकवर कुणी ठेवला?"

एल्वा उभी राहिली. "मी ठेवला, मॅडम. चिठ्ठी लावायची राहिली."

चिठ्ठी माझ्या खिशात ओली होत होती.

"सोमवारी तुला शाईच्या खोलीत बढती द्यायचं ठरलं होतं," मिस थेअर म्हणाल्या. "चार वर्षं वाट बघितलीस ना? आता ते विसर. उद्यापासून येऊही नकोस."

त्या केबिनमध्ये गेल्या. मी एल्वाला मोरीपाशी ओढलं.

"खोटं का बोललीस गं? चिठ्ठी होती!"

"होती. घाईत मी नुसतं 'थांबा' लिहिलं. दुसरा शब्द गाळला." ती रंगाच्या बाटल्या पुसत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही शब्द मोजता, तेता. पहिल्या आठवड्यापासून मला माहितेय. म्हणून चूक माझीच."

"आणि चष्मा?"

"तो तुमच्याकडे नाहीच, हेही."

इतके दिवस ही लुकडी पोर माझी अब्रू पदराखाली झाकून बसली होती, आणि मी तिला भटकी म्हणत होते. राग आला. तिचा नाही. मला कुणाची दया सोसत नाही, ती फुकटात तर नाहीच.

हात पुसले. त्या केबिनपर्यंतची बारा पावलं मला बेट सोडून आले त्या समुद्राहून लांब वाटली. दार उघडंच होतं, आणि बाहेर पोरी कान टवकारून बसल्या होत्या. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हे मला वाचून दाखवा, मॅडम."

"चष्मा नाही का आणला?"

"चष्मा नाहीच मला. आणि वाचताही येत नाही. चिठ्ठी होती. पोरगी खोटं बोलली, माझ्यासाठी. काढायचं तर मला काढा."

मिस थेअरनी ती ओली चिठ्ठी सपाट केली. मग म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर धुणार कोण?" त्यांनी डोळे चोळले. "एल्वाला म्हणावं, बस शाईच्या टेबलावर. आत्ता. शुक्रवारला दोन दिवस आहेत."

बाहेर आले तेव्हा पोरी माना खाली घालून रंगवत होत्या. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं, दोन शब्द तरी सुनावले असते.

दोन दिवस एल्वाने रेघा ओढल्या, बाकीच्यांनी रंग भरले, मी ब्रश धुतले आणि कॉफी केली, पाणचट, कारण भुकटी रेशनवर. शुक्रवारी बोकडाने ढेकर दिली. लष्करवाले हसले म्हणे. आम्ही ऐकायला नव्हतो, टेबलांवर डोकं टेकून झोपलो होतो.

सहा आठवड्यांनी तेच चौसष्ट तक्ते माझ्या टबात आले. त्यांना काही बांधलेलं नव्हतं. रॅकवर शेजारच्या गठ्ठ्याला मात्र दोरीऐवजी लाल लोकर बांधली होती. लूकासाठी विणायला घेतलेला स्वेटर मीच उसवला होता. तिकडे उकाडाच आहे, त्याने लिहिलं होतं. एल्वाने वाचून दाखवलं, चष्म्याचं काही न विचारता.

मी बोकडाला पाण्यात सोडलं. आधी दाढी गेली.