तोंडी जबाब

मी कवळ्या बनवतो, चाळीस वर्षं झाली. माझ्या एका गिऱ्हाइकानं माझ्या कवळीच्या जोरावर बाटल्यांची झाकणं उघडायची शर्यत जिंकलीय, आणि दुसऱ्याची कवळी तो झोपल्यावरही अर्धा तास ग्लासात बडबडत असते. तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू दे. सरहद्दीवरच्या साहेबाचाही बसला नव्हता, आणि त्याला तर मी चक्क खरं सांगत होतो.

झालं असं, की माझं घर पुलाच्या एका अंगाला आणि कारखाना दुसऱ्या अंगाला. कारखाना म्हणजे एक खोली, पण पाटीवर तसं लिहिलंय. मधे नदी, आणि नदीच्या मधोमध सरहद्द. चाळीस वर्षं मी रोज सायकलवरून परदेशी जायचो आणि जेवायला घरी यायचो. एका मंगळवारी आमच्या हिनं अक्रोड दातानं फोडायला घेतला. अक्रोड शाबूत राहिला, खालची कवळी दुभंगली. वरचीही जरा टोचत होती, म्हणून मी दोन्ही डबीत घालून निघालो. "संध्याकाळपर्यंत आणून देतो," म्हणालो. दुपारी साथीच्या भीतीनं पूल बंद झाला.

कवळ्या मी पहिल्याच दुपारी दुरुस्त करून डबीत ठेवल्या, आणि नऊ दिवस कारखान्यात, प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली झोपलो. सकाळी डोळे उघडले की साठ तोंडं माझ्याकडे बघून हसायची. पलीकडे ही दुधावर आणि कुस्करलेल्या बटाट्यावर दिवस काढत होती. फोनवर ती काय बोलायची त्यातला एक शब्द कळायचा नाही, पण सूर बरोबर कळायचा. बिचारीला दातओठ खायचीही सोय नव्हती.

दहाव्या दिवशी फर्मान निघालं: पलीकडे राहणाऱ्यांना आज पाच वाजेपर्यंत घरी सोडणार. त्यानंतर पूल कधी उघडेल, देव जाणे.

पुलाच्या तोंडाशी पत्र्याची खोली, काचेमागे पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेला साहेब.

"कार्ड. मास्क काढा. लांब उभं राहून."

त्यानं कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कार्डाकडे.

"हे तुम्ही नाही. फोटोतला माणूस तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा आहे."

"साहेब, फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे."

"म्हणजे तुमचं वय उलटं वाढतं?"

"त्या दिवशी माझे दात पॉलिशला टाकले होते. थांबा, दाखवतो." मी तोंडात बोटं घातली.

"तोंडात हात घालू नका!" साहेब खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकला. पण तोवर माझी कवळी हातात आली होती. गालफडं आत गेली आणि फोटोशी तंतोतंत जुळली.

"बरं, माणूस तोच," साहेब लांबूनच म्हणाला. "पण पत्ता इकडचाच दिसतोय."

खरंच होता. कार्ड काढताना मी कारखान्याचा पत्ता दिला होता, कारण टपाल तिथं वेळेवर यायचं. आता बोला!

साहेबानं नियमांची चळत उपसली. "घरातल्या माणसाचा फोनवरून तोंडी जबाब चालेल. तोंडीच हं. लेखी नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. साऱ्या शहरात तोंडी जबाब देता न येणारी एकच बाई, आणि तिचं तोंड माझ्या खिशात.

त्यानं नंबर फिरवला, फोन स्पीकरवर ठेवला. "बाई, हे कवळीवाले तुमच्याच घरी राहतात का?"

"थाथ आहे का त्यांच्याकलं?"

ही दातांची चौकशी करत होती. नऊ दिवस तिला दुसरा विषय नव्हता.

साहेब ताडकन उठला. "साथ? साथ आहे त्यांच्याकडे?"

"हो हो, थाथ! खिथ्याथ! नऊ दिवथ झाले!"

"खिशात साथ घेऊन फिरतायत," साहेब लिहिता लिहिता पुटपुटला. "नऊ दिवसांपासून." आणि त्यानं लाल फॉर्म ओढला. शाळेच्या वर्गात एकवीस दिवस, एकट्यानं.

"थाथ नाही हो थाहेब!" मी ओरडलो. "थाथ! थाथ!" माझेही अजून मुठीतच होते ना.

मग आधी मी माझे बसवले, खिशातली डबी उघडून काचेला लावली आणि स्वच्छ आवाजात सगळं सांगितलं.

साहेबानं डोकं खाजवायचा प्रयत्न केला, प्लास्टिकात जमेना. "मग बाईंनी हे तोंडात घालून जबाब द्यावा."

"सोडा मला, नेऊन देतो."

"जबाबाशिवाय माणूस जाणार नाही."

"आणि दात?"

पुन्हा चळत. बंदी माणसांना होती, मालाला आणि मालाच्या गाड्यांना नव्हती. मागं अंडीवाला टेंपोचा हॉर्न बडवत उभा होता. त्याची रोजची फेरी आमच्याच गल्लीतून.

"मालाचं नाव?" साहेबानं विचारलं.

"दात."

"नाशवंत?"

"तिच्या तोंडात बसेपर्यंत नाही. मग समोरचा नाशवंत."

फवारा मारून डबी अंड्यांच्या ट्रेमध्ये बसवली आणि माझ्याआधी माझा माल सरहद्द ओलांडून गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: दात मिळाल्यावर तिला माझी गरज काय?

पाचला दहा मिनिटं असताना फोन लागला. आधी नुसताच कडाकडा आवाज.

"लाइन खराब आहे का?"

"अक्रोड," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

मग काचेसारखा लख्ख आवाज आला. "कवळीवाले? आमच्याकडे असलं कोणी राहत नाही."

साहेबाचा हात लाल फॉर्मकडे गेला.

"राहत असते तर बायकोचं बोळकं करून नऊ दिवस गायब झाले असते का? म्हणे संध्याकाळी आणतो! राहणाऱ्या माणसाची टोपी खुंटीला असते, फ्रिजवर नाही. ओला टॉवेल पलंगावर नसतो. टपाल परदेशात मागवायचं, म्हणजे नणंदबाईंची पत्रं मी आधी वाचू नयेत. घोरण्याचं तर मी बोलतच नाही. आणि विचारा त्यांना, वरची अजून डाव्या बाजूला का टोचते? म्हणे चाळीस वर्षांचा कारागीर!"

साहेब भराभर लिहीत होता. मधेच त्यानं मान वर केली. "का टोचते?"

"माप घेताना ती बोलत होती."

"ह्यांनी विचारलं म्हणून बोलत होते!" फोन कडाडला.

साहेबानं लाल फॉर्म बाजूला सारला. "बाई, पुरे. परक्या माणसावर कोणी एवढं चिडत नाही. सोडू का यांना?"

पलीकडे आणखी एक अक्रोड फुटला. तो चावून, गिळून होईपर्यंत आम्ही दोघं घड्याळाकडे बघत उभे होतो.

"सोडा. पण म्हणावं कानस घेऊन या. डावी बाजू घासायचीय."

मी खिसा चाचपला. कानस होती. साहेबानं शिक्का मारून कागद काचेखालून सरकवला. राहत्या घराचा पुरावा, या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पलंगावर ओला टॉवेल.