पोर्ट पिरीचा दुपारचा प्रयोग

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीला नाटक कंपनीची बस थांबली तेव्हा नोरीन पास्कोनं सगळ्यांना आधी उतरू दिलं. पुढचा माणूस पायरीवरून उतरताना किती खाली जातो, ते तिला डोळ्याच्या कडेनं बघून घ्यायचं होतं. समोर सरळ बघितलं की तिथं नुसता करडा डाग दिसे. माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा नाही.

ॲडलेडच्या डॉक्टरीणबाईंनी आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, "दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील. गाडी मात्र आजपासून बंद."

नोरीननं गाडी भाचीला देऊन टाकली. "आता पेट्रोल परवडत नाही गं," म्हणाली. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही.

त्र्याहत्तर वर्षांचं वय, त्यातली छप्पन्न रंगमंचावर. वॉलरूच्या धक्क्यावर गव्हाची पोती उचलणाऱ्या बापाची ही मुलगी सतराव्या वर्षी तंबूतल्या नाटक कंपनीबरोबर पळून गेली. तिनं मोलकरणी केल्या, राण्या केल्या, आणि चाळिशी उलटल्यावर टीव्हीवर अकरा वर्षं आडरानातली नर्स केली. त्या मालिकेनं तिचं नावच पुसून टाकलं. अजूनही दुकानात बायका हाक मारत, "सिस्टर डॉट! गुडघा बघता का जरा?" नोरीनही गुडघा दाबून बघे आणि गंभीरपणे म्हणे, "कापावा लागेल."

पण सिनेमात मुख्य भूमिका तिला कधी मिळाली नव्हती. ती आता मिळाली होती. पुढच्या महिन्यात फ्लिंडर्सच्या डोंगरात चित्रीकरण होतं. नवऱ्यामागे एकटीनं मेंढ्या राखणारी बाई, आणि जवळपास प्रत्येक प्रसंगात ती जुना ट्रक चालवणार. नोरीननं करारावर सही केली तेव्हा सहीची जागा भाचीनं बोट ठेवून दाखवली होती.

बोलून टाकावं असं तिला रोज सकाळी वाटे. मग मैत्रीण आयव्ही आठवे. आयव्हीनं एका मुलाखतीत हसत हसत सांगितलं होतं, हल्ली कमी ऐकू येतं म्हणून. त्यानंतर तिला कामासाठी एकही फोन आला नाही. चार वर्षांनी गेली बिचारी, तोवर ती दर सोमवारी एजंटला विचारत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे नोरीन त्यातून शिकली.

दौऱ्यावर तिनं आपली युक्ती बसवली होती. गावोगावी दोन तास आधी नाट्यगृहात जायचं आणि रिकाम्या रंगमंचावर पावलं मोजायची. दारापासून टेबल सात पावलं. टेबलाचा कोपरा मांडीला लागला की कप तिथून एक वीत डावीकडे. नाटकात ती आई होती. तिसऱ्या अंकात ही आई चुलीवरची किटली उचलून मुलाला चहा ओतते, तो प्रसंग सगळ्यांत अवघड. वाफ मागच्या रांगेपर्यंत दिसली पाहिजे, हा दिग्दर्शकाचा हट्ट, म्हणून पाणी खरोखर उकळतं असे. एका समीक्षकानं तर लिहिलं होतं, 'पास्कोबाई मुलाकडे तिरकं बघतात, त्या नजरेत उभा जन्म आहे.' ते कुणी वाचून दाखवलं की नोरीन विषय बदले.

पोर्ट पिरीचा रंगमंच उथळ निघाला. व्यवस्था बघणारी ब्रॉन हातात चिकटपट्टी घेऊन आली.

"नोरीन, टेबल आडवं केलंय गं. नाहीतर मागचा पडदा उघडत नाही. चालेल ना?"

"मला विचारतेस होय? मी बैलगाडीवर नाटक केलंय."

"बैलगाडी? कुठं?"

"बरं, ट्रकवर. पण ट्रक बैलासारखाच होता."

ब्रॉन हसत गेली. नोरीननं पुन्हा सगळं मोजलं. दारापासून सहा पावलं, कोपरा उजव्या मांडीला. चार वेळा चालली. खायला आणलेली पेस्टी, खिम्याची भाजलेली करंजी, तिनं तशीच पिशवीत ठेवली.

पण टेबल आडवं झाल्यावर नाटकातल्या मुलाची खुर्चीही फिरली, आणि खुर्चीबरोबर कप दुसऱ्या बाजूला गेला. प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी ब्रॉननं हे सगळ्यांच्या देखत बोट दाखवून सांगितलं, "कप आता इथं." नोरीनला बोट दिसलं नाही. "कुठं?" एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. ती म्हणाली, "बरं."

थानासी तिच्या मुलाची भूमिका करी. बत्तीस वर्षांचा, दौऱ्यावर सोबत असलेल्या चार महिन्यांच्या लेकीचा बाप, आणि प्रयोग नसेल त्या संध्याकाळी गावातल्या हॉटेलात गिटार वाजवून दोन पैसे जास्त मिळवणारा.

तिसरा अंक सुरू झाला. नोरीननं किटली उचलली. सहा पावलं. मांडीला कोपरा लागला. एक वीत डावीकडे काहीतरी पांढुरकं होतं, तोच कप. तिनं किटली कलती केली.

तो थानासीचा हात होता. बाहीचा पांढरा कफ होता.

कप भरताना पाण्याचा जसा आवाज येतो तसा आलाच नाही. आला तो एक खोल, आत ओढलेला श्वास. किटली हातातच राहिली. आठ महिने ज्याची भीती होती ते घडलं होतं, पण तिच्या भीतीत आजवर पडणारी, फजिती होणारी ती स्वतः होती. दुसऱ्या कुणाचा हात त्या भीतीत कधी आलाच नव्हता.

"राहू दे, आई," थानासी म्हणाला. हे वाक्य संहितेत नव्हतं. "चहा नको मला." हात मांडीवर धरून त्यानं उरलेली अकरा मिनिटं काम केलं, एक वाक्य चुकवलं नाही. पडदा पडताच तो मोरीकडे धावला आणि त्यानं नळाखाली हात धरला.

बाहेर प्रेक्षकांतली एक बाई ब्रॉनला सांगत होती, "शेवटी आईचा हात कसा थरथरत होता! काय अभिनय!"

नोरीन मोरीच्या दारात उभी राहिली. "थानो, दाखव मला."

"काय दाखवू? डोळे फुटले होते का तुझे?" तो ओरडला. एरवी तो तिच्याशी असा कधी बोलत नसे.

"हो," ती म्हणाली. "फुटलेत. मला मधलं काही दिसत नाही. आठ महिने झाले."

बर्फ घेऊन आलेल्या ब्रॉनच्या हातातली पिशवी गळून पडली.

"आणि उकळती किटली घेऊन माझ्याकडे येत होतीस? रोज?" थानासी हळू आवाजात म्हणाला. "मी काल, मागच्या गावी, लेकीला मांडीवर घेऊन तालमीला बसलो होतो, नोरीन. त्याच खुर्चीत."

माफी मागायला तिनं तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "आत्ता नको." ब्रॉन त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रद्द झाला. सकाळी नोरीननं सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं आणि उभं राहून सांगितलं. काय दिसतं, काय नाही, कधीपासून. ब्रॉन रडत होती, कारण बोट तिनं दाखवलं होतं. "तुझी चूक नाही गं," नोरीन म्हणाली, "मी 'बरं' म्हणाले."

मग बसच्या पायरीवर बसून तिनं भाचीनं नंबर लावून दिलेल्या बटणावर सिनेमाच्या दिग्दर्शिकेला फोन केला.

"ट्रक दुसऱ्या कुणाकडून चालवून घेता येईल," ती म्हणाली, "पण डोंगरकडा, मोकळी जनावरं... विमावाले परवानगी देणार नाहीत. मला विचार करू दे."

चार दिवस नोरीन फोनला चिकटून होती. अंघोळीलाही तो बाहेरच्या स्टुलावर. पाचव्या दिवशी उत्तर आलं. भूमिका दुसऱ्या बाईला गेली. नोरीन त्या संध्याकाळी जेवली नाही.

थानासी आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. हातावरची कातडी निघाली, गिटार बंद झाली. किटलीत आता कोमट पाणी असे. दिग्दर्शकाला वाफेचा हट्ट सोडावा लागला. माउंट गँबियरला शेवटच्या प्रयोगाआधी नोरीन एकटीच पावलं मोजत होती. थानासी आला आणि खुर्चीत बसला.

"मी इथं आहे," म्हणाला. "हात इथं. कप इथं. हात लावून बघ."

तिनं चाचपून बघितलं. पट्टीखालचा हात त्यानं मागे घेतला नाही.

"माफ केलंस का रे?"

"अजून नाही," तो म्हणाला. "पण नाटक आहे ना आज. पुन्हा चालून दाखव."

हिवाळ्यात एका छोट्या कंपनीनं तिला वाचनाला बोलावलं, आंधळ्या नव्हे, चांगल्या डोळस मावशीच्या भूमिकेसाठी. खोलीत शिरताच, खुर्चीत बसण्याआधीच, नोरीननं सगळं सांगून टाकलं. समोरच्या टेबलापाशी तिघं होती. त्यांचे चेहरे तिला दिसत नव्हते, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळेना.

"तालमीआधी रंगमंचावर चालायला किती वेळ लागेल?" मधल्या आवाजानं विचारलं.

"रोज एक तास."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"मग नऊला या. आम्ही दहाला येतो."