भीमाबाईच्या मांडीवरची सुपली

मी एक साधी सुपली बोलतेय. बुरडाने मला बांबूच्या कामट्यांतून विणलं, पण धान्य पाखडणं माझ्या नशिबी नव्हतं. सोलापुरातल्या भीमाबाईने मला मांडीवर घेतलं, माझ्यात तंबाखू ओतली आणि ती विड्या वळायला बसली. तिचा श्वास मला तिच्या लेकीपेक्षाही जवळून कळायचा.

शेजारणी तिच्याच खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसत. तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद, दारही लोटलेलं. एकीचा खोकला सगळ्यांच्या श्वासात फिरायचा.

धुळीने भीमाबाई रोज सकाळी खोकायची, चहा घेतला की थांबायची. या हिवाळ्यात मात्र वेगळाच खोकला आला. कोरडा, दिवसभराचा. संध्याकाळी तिची मांडी मला कढत लागे. मोठा श्वास घेताना ती छाती दाबून धरी. विडीची पानं कापूनच दमून जाई.

"भीमे, छाती हाय का हातमाग? दिवसभर खडखड चालूच की!" शेजारची सिद्धेश्वरी हसली.

"तंबाकूचा खोकला हाय. तुला येत न्हाय व्हय?"

मग नववीतली बुद्धप्रिया खोकू लागली. भीमाबाईने त्याच दिवशी काम टाकून लेकीला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ती सिद्धेश्वरीला सांगत होती, "फुप्फुसाला थोडा जंतुसंसर्ग हाय म्हनले डाक्टर. मानूस हिंडतं-फिरतं, म्हनून कळत न्हाय. खोकल्यातनं पसरतो. इचारलं, घरात आनखी कोन खोकतंय?"

"मग?"

"म्हनलं, कोन न्हाय."

"आन् तू गं?"

"माजा तंबाकूचा हाय की!"

लेक गोळ्यांनी बरी झाली. आईने दुखणं अंगावर काढलं. पुढे बसल्या जागी धाप लागू लागली. एका सकाळी ओठ निळसर पडले, तेव्हा तिला रिक्षात घालून नेलं. ती परत आली नाही.

आता मी खुंटीला टांगलेली असते. काल बुद्धप्रियाने मला खाली काढून पुसलं. घरात कुणी नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आईला माझ्यामुळंच झालं."

नाही गं पोरी. तो खोकला तुझ्या आधीचा. तिच्या मांडीवर मी तो रोज सोसलाय. घरातली खोकणारी माणसं मोजताना तिने स्वतःला धरलंच नाही, एवढंच.

पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. कुणीतरी जाऊन तिला एवढं सांगाल का?