झाकणापुरतं प्लास्टिक

माझा धाकटा भाऊ यूनुस कुठल्याही घरात शिरला की आधी भिंतीवर टकटक करतो. दोन बोटांनी टकटक करायची, मान तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि "हं" म्हणायचं. भिंत त्याला काय सांगते ते अल्ला जाणे. पण रत्नागिरीकडचे आमचे जेवढे पुरुष कुवेतमध्ये आहेत ते सगळे त्या "हं"वर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि माझा नवरा कमाल त्यांत सगळ्यांच्या पुढे.

आम्ही खैरानला राहतो. उम्म बद्र नावाच्या कुवेती बाईंचं तिथे समुद्राकाठी सुट्टीचं घर आहे. त्याची राखण कमालकडे, झाडलोट आणि स्वयंपाकघर माझ्याकडे, आणि घरामागची एक खोली आम्हा दोघांना. या वयात कमालला दुसरं कोणी काम देणार नाही. काम नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना नाही, आणि इकामा नाही तर बॅगा भरायच्या. गावच्या घरात आता दीर राहतो आणि त्याने आमच्या खोलीत म्हैस बांधली आहे, हे मला फोनवर त्यानेच कौतुकाने सांगितलं होतं.

उम्म बद्रचं घर लाकडी आहे. वाळूत सिमेंटचे ठोकळे रचून त्यावर ते उभं केलंय. लाकडी जमीन आणि वाळू यांच्यामध्ये गुडघ्याच्या वर येईल एवढी पोकळी आहे. भोवती बुटकी भिंत, भिंतीला हवेसाठी जाळ्या, आणि आत शिरायला मागच्या बाजूला एक लाकडी झाकण. त्या झाकणातून आत कोणी गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

या उन्हाळ्यात दिवाणखान्याच्या फळ्या फुगल्या. अनवाणी चाललं की एकेक फळी पायाला बशीसारखी खोलगट लागायची. गाद्यांना, पडद्यांना, कपाटातल्या चादरींना बुरशीचा वास. ऑगस्ट संपताना उम्म बद्र आल्या आणि दारातच थांबल्या. अबायाचं टोक नाकाला लावून म्हणाल्या, "कमाल, बद्रची बायको बाळ घेऊन ऑक्टोबरात इथे राहायला येणार आहे. तोवर हे कोरडं करून घे. कोणालाही बोलाव, पैसे मी देईन. नाहीतर मला हे घर कंपनीकडे सोपवावं लागेल, आणि कंपनी आपली माणसं घेऊन येते."

बाई चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला कमी भीती वाटली असती.

त्यांची गाडी वळते न वळते तोच कमालने फोन काढला. "यूनुसला सांगतो."

"अर्दियाला हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत," मी म्हटलं. "बाई पैसे देतायत ना?"

"सख्खा मेव्हणा असताना परक्याला बोलवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

ही आमच्या लोकांची रीत. नळ गळो, गाडी बंद पडो, काम घरच्या माणसाला द्यायचं. इथवर ठीक आहे. पण पुढची रीत अशी की दिलेलं काम बघायचं नाही. बघितलं म्हणजे संशय घेतला, संशय घेतला म्हणजे अपमान केला. आणि काम करणारा बायकोचा भाऊ असेल तर विचारूच नका. तो पाहुणा. पाहुण्याला सरंगा तळून वाढायचा, त्याने केलेल्या कामाला माशाल्ला म्हणायचं आणि छत अंगावर पडेपर्यंत गप्प बसायचं.

यूनुस शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून आला. आधी जेवला. मग पांढऱ्या शर्टाच्या बाह्या न दुमडता घराभोवती एक फेरी मारली, दोनदा टकटक केली आणि समुद्राकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दुलाभाई, ओल येते समुद्राकडनं. आपल्याकडे पावसाळ्याआधी काय करतात? समुद्राच्या अंगाला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात. बस्स, तेच करायचं. ही बाजू एकदम बंद. मागची बाजू उघडी. हवा खेळली पाहिजे."

"झापं पावसासाठी बांधतात," मी म्हटलं. "इथे पाऊस कुठे आहे?"

"आपा, तू भाकऱ्या बघ."

"भाकऱ्या बघितल्या, तू खाल्ल्यास. तू खाली बघितलंस का?"

"खाली काय असणार? वाळू."

"वाळू कोरडी आहे की ओली?"

"अगो, त्याला त्याचं काम करू दे ना," कमाल म्हणाला, आणि मग यूनुसकडे बघून असा हसला जणू मी त्याला दगड मारला होता आणि तो माफी मागत होता.

पुढच्या आठवड्यात यूनुसने समुद्राकडची भिंत डांबराने काळीकुट्ट केली. तिकडच्या जाळ्यांवर फळकुटं ठोकली. मागच्या बाजूच्या जाळ्या तशाच ठेवल्या, हवा खेळायला. शेवटच्या दिवशी जाड प्लास्टिकचं भेंडोळं घेऊन मागे गेला. मी चहा घेऊन पोचले तोवर काम झालंसुद्धा. त्याने झाकण उचलून आम्हाला दाखवलं. आत काळं चकचकीत प्लास्टिक, कडेला चिकटपट्टी, एकही सुरकुती नाही.

"असं टोकापर्यंत अंथरलंय," यूनुस म्हणाला. "जमिनीची ओल वर येणार नाही."

"माशाल्ला," कमाल म्हणाला. तो वाकलाही नव्हता.

मी माझ्या भावाच्या गुडघ्यांकडे बघत होते. पँटला वाळूचा एक कण नव्हता.

"टोकापर्यंत जाऊन आलास आणि इस्त्री मोडली नाही?"

"अनुभव लागतो, आपा."

सप्टेंबरात दमट वारा सुटला. खैरानमध्ये तो वारा आला की खिडकीच्या काचा बाहेरून घामाघूम होतात आणि सुकत घातलेला टॉवेल सकाळपेक्षा संध्याकाळी जड लागतो. घरातला वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दिवाणखान्यातली एक फळी टोकाशी उचलली गेली. कमालने काय करावं? बुखूर, म्हणजे इथला सुगंधी धूप, जाळला. मग बुखूर आणि बुरशी मिळून असा वास सुटला की जणू कोणीतरी मशिदीत ओले मोजे सुकत घातलेत. मग त्याने सोफ्याखाली बशांमधून मीठ ठेवलं. त्या मिठाचंही पाणी झालं.

यूनुसला फोन केला तर म्हणाला, "दुलाभाई, कामाला बसायला वेळ लागतो."

"त्याचं काम बसलंय," मी म्हटलं. "आता आपणच उठायचे बाकी आहोत."

तेवढ्यात उम्म बद्रचा निरोप आला की गुरुवारी घर बघायला येतेय. कमाल बाजारात गेला आणि गुलाबाच्या वासाचे फवारे घेऊन आला.

"एकदा खाली जाऊन बघ," मी त्याला म्हटलं.

"माझे गुडघे दुखतात."

"तुझे गुडघे पत्ते खेळताना मांडी घालून तासनतास बसतात."

"आणि यूनुसला कळलं मी त्याचं काम तपासलं तर?"

"तो तिकडे अर्दियाला राहतो. वाळू त्याला फोन करणार आहे का?"

"कळतं गो. अशा गोष्टी कळतात."

राहतं घर जाईल याची त्याला भीती होती, मला माहीत आहे. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. पण मेव्हण्याला वाईट वाटेल याची भीती त्याहून मोठी होती. अशा माणसाशी काय बोलणार?

बुधवारी सकाळी तो पाण्याचा टँकर आणायला गेला तेव्हा मी ओढणी कमरेला बांधली, टॉर्च घेतला आणि झाकण काढून पोटावर आत शिरले. माझे गुडघे काही लोखंडाचे नाहीत, तेही दुखतात. पण गेले.

प्लास्टिक होतं. झाकणापासून हात लांबवला की जेवढं पोचतं तेवढं, आणि वर थोडं. पुढे ते संपलं होतं. जिथे संपलं होतं तिथे चिकटपट्टी लावली होती, आणि ती चिकटपट्टी वाळूला लावली होती. माझ्या भावाने वाळूला चिकटपट्टी लावली होती! पुढे घराच्या पार समुद्राकडच्या टोकापर्यंत ओली वाळू, तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा. वर फळ्यांना पाण्याचे थेंब लटकलेले. वर एसी रात्रंदिवस चालू, फळ्या थंडगार, आणि मागच्या उघड्या जाळ्यांतून ती गरम ओली हवा येऊन त्यांनाच लागत होती. थंड सरबताचा पेला बाहेरून भिजतो तसं सगळं घर खालून भिजलं होतं. एक थेंब माझ्या मानेवर पडला. बोटाने पुसून चाखला. खारट नव्हता, म्हणजे समुद्राचा नाही, हवेतलाच.

मी बाहेर आले तेव्हा कमाल टँकरवाल्याला पाठवून झाकणाशी उभा होता. माझे केस, माझे कपडे त्याने बघितले. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला:

"उद्या बाईंसमोर काही बोलू नको. तुझाच भाऊ आहे. माहेर तोडशील?"

"आणि हे घर?"

"यूनुसला बोलावतो. तो बाईंना समजावेल."

गुरुवारी यूनुस आला, अत्तर लावून. उम्म बद्र काठी टेकत आल्या. यूनुसने भिंतीवर टकटक केली. काळी भिंत दाखवली, ठोकलेली फळकुटं दाखवली, मग मागे नेऊन झाकण उघडलं. प्लास्टिक चकचकत होतं. बाईंनी वरून बघून मान हलवली. मग म्हणाल्या, "आणि वास?"

"वास लाकडाचा आहे," यूनुस अरबीत म्हणाला. "फळ्या जुन्या झाल्यात. वरची जमीन पूर्ण नवी टाकावी लागेल. मी स्वतः करून देईन."

म्हणजे आणखी सडवली त्यानेच आणि नवी टाकणारही तोच. मी कमालकडे बघितलं. कमाल मान डोलावत होता. खरंच डोलावत होता!

मी वाकले, प्लास्टिकची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. गादीवरची चादर निघते तसं ते एका हिसक्यात सगळं बाहेर आलं. मी ते उन्हात अंगणात पसरलं. आमच्या जेवणाच्या दस्तरख्वानाएवढं होतं. चार माणसं कशीबशी बसली असती.

"बाकीचं कुठाय, यूनुस?" मी अरबीतच विचारलं, बाईंना कळावं म्हणून.

यूनुस त्या तुकड्याकडे असा बघत होता जणू तो कोणी दुसऱ्यानेच तिथे टाकला होता.

उम्म बद्रनी कमालला विचारलं, "तू आत जाऊन बघितलं नव्हतंस?"

"यूनुसने बघितलं होतं."

"तू?" त्यांनी यूनुसला विचारलं.

"कमालभाईंनी काम पसंत केलं होतं."

बाईंनी दोघांच्या पँटी बघितल्या, मग माझा खरचटलेला कोपर. "अमिरुन्निसा, कंपनीच्या माणसांना तू बोलाव. काम झालं की मला तू फोन कर. घर सुकलं तर तुम्ही राहा." कमालशी त्या त्या दिवशी पुन्हा बोलल्या नाहीत. यूनुस सलाम न करता गेला, जाताना दस्तरख्वानाएवढं प्लास्टिक मात्र गुंडाळून घेऊन गेला.

अर्दियाहून आलेला माणूस मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता. त्याने टकटक केली नाही, चहाही आधी घेतला नाही. अंगात जुना डगला चढवून सरळ खाली शिरला आणि दिसेनासा झाला. त्याच्या माणसांनी आतली वाळू सपाट केली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड प्लास्टिक एकावर एक चढवून अंथरलं, कडा भिंतीवर वर घेऊन पट्ट्या ठोकून बसवल्या. चारही बाजूंच्या जाळ्या बंद केल्या. आत हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र ठेवलं, त्याची नळी बाहेर काढली. पहिल्या दिवशी त्या नळीतून बादली भरली. कमाल बादलीकडे बघून म्हणाला, "एवढं पाणी!" जणू तो या घरात नवा पाहुणा होता.

फळ्या हळूहळू बसल्या. एक बदलावी लागली. बद्रची बायको बाळाला घेऊन आली तेव्हा उम्म बद्र अनवाणी दिवाणखाना ओलांडून गेल्या आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "तुमची खोलीही रंगवून घ्या." एवढंच. मला तेवढं पुरलं.

यूनुसच्या बायकोचा, हफिजाचा, फोन आला. "आपा, परक्या बाईसमोर सख्ख्या भावाची अब्रू काढलीत. आधी त्यांना सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. भाकऱ्या बघ म्हणाला."

"पार जहरा गावापर्यंत गोष्ट गेली. लोक तुम्हाला नावं ठेवतायत."

"घर सुकलं का, असं त्यांतल्या एकाने तरी विचारलं?"

तिने फोन ठेवला. ईदला यूनुस आला नाही. मी शिरकुर्मा केला, त्याच्या वाटणीचा शेजारच्या सुट्टीच्या घराच्या राखणदाराला दिला. भाऊ एकच आहे मला. वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, पण घर गमावून त्या दस्तरख्वानाएवढ्या प्लास्टिकवर बसून वाईट वाटून घेण्यापेक्षा हे बरं.

परवा दुपारी कमाल अंगणात खुर्ची टाकून फोनवर बोलत होता. पलीकडे जहराचा बाळासाहेब होता, नाशिककडचा दुकानदार. त्याच्या मालाच्या खोलीत ओल येत होती आणि कोणाला बोलवावं हे तो विचारत होता. कमालने आवाज चढवला.

"बाळासाहेब, स्वतः खाली उतरल्याशिवाय काही कळत नाही. पोटावर सरपटत जायचं, पार टोकापर्यंत. प्लास्टिक भिंतीवर चढवायचं, जाळ्या सगळ्या बंद. आम्ही इथे तेच केलं. लोक वरनं बघून माशाल्ला म्हणतात, मूर्ख असतात..."

मी दारात उभी होते. त्याने मला बघितलं, आवाज थोडा खाली आणला, पण थांबला नाही.

"मग कोणाला बोलवू?" पलीकडून आवाज आला.

कमालने माझ्याकडे बघितलं. त्याने खुर्ची फिरवून पाठ केली, आणि दबक्या आवाजात, एकेक आकडा सावकाश उच्चारत, यूनुसचा नंबर दिला.