मन्मथला कसं ठेवलं

देवणीत माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. आठ आण्याला तासभर सायकल, गप्पा फुकट. उदगीरकडच्या उतारावर एकदा माझी सायकल अशी सुटली की माझी सावली मागं राहिली. ती बिचारी दिवेलागणीला चालत घरी आली, आधी तांब्याभर पाणी प्याली, मग मला शिव्या दिल्या. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच त्या सावलीची दया येते. विरूपाक्ष हे माझं नाव रेशन कार्डावरच राहिलं. गावात मी थापाड्या आप्पा.

माझं सगळं खरं मानणारं एकच माणूस होतं, माझी थोरली बहीण नीलाक्का. खरं मानायची का नुसतं ऐकायची, देव जाणे. पण मी थांबलो की "पुढं?" म्हणायची, आणि थापाड्याला त्याहून जास्त काय लागतं?

तिचा एकुलता एक मन्मथ माझ्याच दुकानात गुडघे फोडून सायकल शिकला. पुढं इंजिनिअर झाला, फ्रान्सला टायरच्या कारखान्यात लागला. लातूरची सृष्टी बायको केली, तिकडंच ऋतुजा झाली. बावीस-तेवीस वर्षं तिथं राहून पठ्ठ्यानं बाकी काही धरलं नाही, सायकल धरली. दर रविवारी डोंगरात जायचा आणि हँडलला फोन अडकवून आईला रस्ता दाखवायचा. तिकडं सकाळ असायची, इकडं आमची जेवणाची वेळ. नीलाक्का ताट बाजूला सारून बघत बसायची.

अरुंद, काळाभोर रस्ता. एका अंगाला दगडी बांध, दुसऱ्या अंगाला द्राक्षाचे मळे खालपर्यंत उतरलेले. एखादं गाव यायचं, दहा-बारा घरांचं, दारं बंद, मधे पाण्याचा नळ. मन्मथ तिथं बाटली भरायचा आणि परत चढाला लागायचा.

"मन्या, त्या गाई बघ कशा! आपल्या देवणीच्या वळूपुढं शेळ्याच की."

"आई, दूध लई देतात त्या."

"दिऊ दे. रुबाब न्हाई." मग आवाज बारीक करून, "पण रस्त्यावर माणूस कसा न्हाई रे एक बी?"

"म्हणून तर येतो ना आई इथं."

फोन बंद झाला की ती माझ्याकडं वळायची. "विरू, पडला-बिडला तर कोण उचलंल?"

"अक्का, तिकडं सरकारनं दर वळणावर एक म्हातारा बसवलाय. पगारी. पडलेल्याला उचलायचं, धूळ झटकायची आन् गलासभर द्राक्षाचं पाणी पाजायचं."

"द्राक्षाचं पाणी म्हंजे दारूच की रे मेल्या!"

"थोडी नासलेली आसती, एवढंच."

ती पदर तोंडाला लावून हसायची आणि गार झालेली भाकरी पुढं ओढायची.

गेल्या मे महिन्यात एका चढावर मन्मथचं हृदय थांबलं. सेहेचाळीस वर्षांचा होता. रस्ता नेहमीसारखा रिकामा. तासाभरानं दुधाची गाडी आली, तेव्हा ड्रायव्हरला तो गवतात दिसला.

सृष्टीचा फोन माझ्याकडं आला. रडून आवाज बसला होता तिचा. "मामा, त्यांना इथंच ठेवायचं ठरवलंय. म्हणायचे, याच डोंगरात राहायचं. बसवायचं विचारलं मी, चार ठिकाणी विचारलं. नाही म्हणतात. पेटीत आडवंच ठेवतात इथं." मग म्हणाली, "आईंना तुम्ही सांगा. तुम्हाला सांगता येतं."

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात. अंगाला विभूती, तळहातावर जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग, वर बेलाची पानं. पूजेला बसल्यासारखा माणूस जातो. आडवं पुरणं म्हणजे आमच्या बायांना टाकून दिल्यासारखं वाटतं.

लेक गेल्याचं ऐकून नीलाक्कानं भिंतीला पाठ लावली. तीन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मग एकच विचारलं.

"बसवलं का रे त्याला?"

सत्तर वर्षांत जिला कधी दम लागला नाही, ती माझी जीभ क्षणभर अडखळली. आणि मग चालू लागली.

"बसवलं की. टेकाडावर. खालून त्याचाच रस्ता जातो."

"लिंग?"

"तळहातावर."

"विभूती कुठून आणली तिथं?"

"सृष्टीच्या देवघरातली."

तिनं डोळे मिटले आणि दोन घोट चहा घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मग दर रविवारी फोनच्या वेळेला तिला तेच ऐकायचं असायचं. आणि माझी गोष्ट, व्हायची तशी, वाढत गेली. तिथल्या गवंड्यानं खड्डा आधी लांबडा खणला होता, सृष्टीनं तो बुजवायला लावून गोल खणून घेतला. तिकडं बेल नाही, म्हणून द्राक्षाची पानं घातली, तीन-तीन जोडून. मन्मथचं तोंड चढाकडं आहे, कारण उतार त्याला कधी आवडलाच नाही. नीलाक्का ऐकायची आणि म्हणायची, "पाठ टेकायला दिलं का काही?" मी म्हणायचो, "दिलं की. दगड. उन्हानं गरम झालेला." सात महिने मी मन्मथला असा बसवत होतो.

डिसेंबरात ऋतुजा आली. उदगीरच्या स्टँडवर मीच आणायला गेलो. वीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं. देवणी येईपर्यंत तिला हसवायचं म्हणून मी सावलीची गोष्ट सांगितली, आणखी दोन सांगितल्या. ती हसली. साक्षीदाराला आधी पढवायचं असतं, एवढी साधी गोष्ट मी हसवण्याच्या नादात विसरलो.

घरी येऊन पोरगी हातपाय धुऊन बसली, आजीनं ताट वाढलं. हळूच विचारलं, "बाळा, तुझ्या पप्पाला बसवताना तू हुतीस का जवळ?"

"बसवताना?" ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवेपर्यंत बोलून गेली होती. "नाही आजी, बसवलं नाही. पेटीत झोपवलं. मम्मीनं लिंग हातात दिलं आणि मूठ मिटली. झोपल्यासारखेच दिसत होते."

नीलाक्कानं वाटीत वरण वाढलं, वर तूप सोडलं. "जेव बाई," म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

ऋतुजा पंधरा दिवस राहून गेली. ती गेल्यावरच्या रविवारी मी जाऊन ओसरीवर बसलो. नीलाक्का तूर पाखडत होती. "सांग" म्हणाली नाही. मीच घसा खाकरला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." बऱ्याच वेळानं सूप खाली ठेवलं.

"विरू, मी गेले की मला बी आडवंच ठेव."

"अक्का, येड लागलं का? मठातले स्वामी काय म्हणतील? भावकी?"

"काय बी म्हणू दे. लेकरू तिकडं पडून हाय, आन् मी बसून कशी ऱ्हाऊ? लेकराला निजवताना आई बसत न्हाई रे. संगं कलंडते."

मी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"सांगशील ना त्यांना? थाप न्हाई, खरं सांगायचं."

"सांगतो."

त्या वेळी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या कुणाला बोलावून तिच्या तोंडून वदवून घ्यायला हवं होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

फेब्रुवारीत ती गेली, दुपारी, दळण आणायला म्हणून उठता उठता. तिच्या दिराचा मुलगा वीरेश धावपळीला उभा राहिला. स्वामी आले. तिला न्हाऊ घालून खुर्चीत बसवलं, विभूती लावली. रुद्रभूमीत, आमच्या स्मशानात, गोल खड्डा तयार असल्याचा निरोप आला. तेव्हा मी पुढं झालो.

"थांबा. अक्कानं मला सांगितलंय. तिला आडवं ठेवायचं. मन्मथसारखं."

सगळे माझ्याकडं वळले. मग कडेचा एकजण फिस्कन हसला. त्याचा दोष नाही. जन्मभर मीच त्याला हसवलं होतं.

"काका," वीरेश दात आवळून म्हणाला, "आज तरी न्हाई."

"वीरेश, तुझ्या गळ्याची शपथ."

"मागं म्हशीनं रेल्वे ओढली तवा बी माझ्याच गळ्याची शपथ घेतलीस तू."

स्वामींनी मला शांतपणे विचारलं, "आप्पा, त्या बोलल्या तेव्हा आणखी कोण होतं?"

"कुणी न्हाई."

"आणि त्यांनीच मला सांगितलं होतं की मन्मथला बसवलंय, द्राक्षाची पानं वाहिलीत. जूनमध्ये. डोळे भरून सांगत होत्या."

ती माझीच गोष्ट होती. मी तोंड उघडलं, आणि ते खोटं, हे खरं, हे त्या माणसांना कोणत्या तोंडानं पटवून द्यायचं ते कळेना. रुद्रभूमीत पोचल्यावर मी खड्ड्याच्या काठावर आडवा पडलो. दोघांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, पाणी पाजलं. म्हाताऱ्याला बहिणीचं दुःख सोसवेना, असं कुणीतरी म्हणालं.

नीलाक्काला त्यांनी मांडी घालून नीट बसवलं. मान एका अंगाला कलत होती, ती वीरेशनं दोनदा सरळ केली. मीही चार पानं टाकली.

महिन्याभरानं ऋतुजाचा फोन आला. आदल्या दिवशी ती सायकलनं पप्पांकडं जाऊन आली होती. फार चढ आहे, दोनदा उतरावं लागलं, म्हणाली. मग जरा घुटमळली.

"आप्पाआजोबा, मम्मीनं मला आता सगळं सांगितलं, बसवायचं वगैरे. मी आजीला तेव्हा उगाच दुखावलं का?"

"न्हाई गं. तू खरं तेच बोललीस."

"आणि आजीला? तिला हवं होतं तसंच ठेवलं ना?"

बाहेर कुणीतरी घंटी वाजवत सायकलवरून गेलं. मी ती दूर जाईपर्यंत थांबलो.

"हाव," म्हणालो, "अगदी तिच्या मनासारखं."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं लगेच विश्वास ठेवला.