चोवीस काड्यांची जुडी

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. त्या उन्हाळ्यात डॅन्यूब इतकी आटली, की आल्टनवेर्थच्या पुलाखाली नदीच्या मधोमध दगड उघडे पडले आणि त्यांवर बगळे येऊन बसू लागले. मका उभ्या उभ्या वाळला. रात्री उघड्या खिडकीतूनसुद्धा वारा आत येईना. गावात जो तो चिडचिडा झाला होता.

पर्यटकांची मोठी जहाजं एरवी आमच्या गावाकडे ढुंकूनही न बघता पासाऊकडे निघून जायची. गावाला तट आहे, दोन वेशी आहेत, सहाशे वर्षांचा मनोरा आहे. पण पासाऊपुढे आमचं काय चालणार! त्या ऑगस्टात मात्र खालच्या अंगाला जहाज चालेल एवढं पाणीच नव्हतं. म्हणून चौदा तारखेला संध्याकाळी नगराध्यक्ष राइंडल घाम पुसत आफ्रा लॉइबलच्या दारात येऊन उभे राहिले.

"आफ्राबाई, उद्या साडेदहाला जहाज लागतंय. आपल्याकडे थांबणार आणि इथूनच माघारी रेगन्सबुर्गला फिरणार. शंभर माणसं! त्यांना गाव कोण दाखवणार?"

"तुम्ही दाखवा की. मतं मागायला घरोघर फिरता."

"मी बोलायला लागलो की गटारयोजनेवर जातो, तुम्हाला ठाऊकच आहे."

"उद्या सण आहे. दुकानं बंद, बेकरी बंद. दाखवू काय, कुलपं?"

"तुम्ही दाखवलीत तर लोक कुलपंही बघतील."

आफ्रा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. छत्तीस वर्षं पोस्टात काढून नुकतीच निवृत्त झालेली, लग्न न केलेली, घरात ती आणि तिची आई. ती नाही म्हणणारच होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "जा गं. माझी जुडी तेवढी आण, म्हणजे झालं."

ऐकताच आफ्रानं दार अर्धं लोटलं. ती राइंडलना "बरं, येते" म्हणाली, ते त्यांनी लवकर जावं म्हणून.

पंधरा ऑगस्ट हा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. त्या दिवशी आमच्याकडे बायका औषधी वनस्पतींची जुडी बांधून देवळात नेतात. पाद्री तिच्यावर मंत्र म्हणून तीर्थ शिंपडतात. मग ती वर्षभर घरात टांगायची. वीज कडाडली की चिमूटभर चुलीत टाकायची. आणि घरातलं कुणी गेलं, तर जुडी त्याच्या शवपेटीत त्याच्याबरोबर द्यायची. लॉइबलांच्या घरी जुडी चोवीस काड्यांची असे, एक कमी नाही की एक जास्त नाही. मधोमध पिवळ्या फुलांचा तो उंच दांडा, ज्याला आमच्याकडे राजाची मेणबत्ती म्हणतात. भोवती झेंडू, पुदिना, शेपू, बडीशेप, जव, ओट आणि बांधावरच्या कितीतरी कडवट काड्या.

आफ्राची आई वाल्बुर्गा एक्क्याण्णव वर्षांची होती. नऊ वर्षांपासून डोळ्यांनी अधू. जुलैत डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता आठवड्यांचीच गोष्ट आहे. म्हातारीने ते ऐकलं आणि जाहीर करून टाकलं, "सणापर्यंत मी कुठं जात नाही. जुडी हातात येऊ दे, मग मी मोकळी." त्या दिवसापासून दोन चमचे सुपापलीकडे तिनं काही खाल्लं नव्हतं. प्रवासाला निघालेल्या माणसाचं जसं घरात लक्ष नसतं, तसं तिचं झालं होतं.

पंधरा दिवस आफ्रा करपलेल्या बांधांवरून वणवण करत होती. एकेक काडी मिळाली की तिला हायसं वाटे, आणि लगेच छातीत धस्स होई. विसावी मिळाली, एकविसावी मिळाली. चोविसावी पुदिन्याची. ती ओढ्याच्या तळाशी, जिथं अजून थोडी ओल होती तिथं सापडली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सणाच्या सकाळी नऊला ती देवळात जुडी घेऊन बसली. पाद्रींनी तीर्थ शिंपडलं, चार थेंब तिच्या मनगटावर पडले. एवढ्यात मागच्या दारातून राइंडल हातवारे करू लागले. जहाज तासभर आधीच येऊन लागलं होतं आणि माणसं उन्हात धक्क्यावर उभी होती. आफ्रा उठली. देवळाच्या ओसरीत महिला मंडळाचं टेबल होतं. मंडळाच्या बायका जास्तीच्या जुड्या बांधून आणत आणि येईल-जाईल त्याला देत. त्या टेबलावर आफ्रानं आपली जुडी ठेवली आणि ती धावत सुटली. वीस मिनिटांत लोकांना घेऊन इकडेच तर यायचं होतं.

वीस मिनिटांनी ती चौतीस पाहुण्यांसह परत आली, तेव्हा टेबल रिकामं होतं.

टेबलामागे कुनी हासल्बेक मुठीनं कंबर दाबत उभी होती. कुनी म्हणजे मंडळाची अध्यक्ष आणि आफ्राची पहिलीपासूनची वर्गमैत्रीण.

"संपल्या सगळ्या!" कुनी खुशीत म्हणाली. "तुझ्याआधी एक घोळका आपला आपणच चालत आला. प्रशियन असले तरी माणसं चांगली निघाली गं."

उत्तरेकडचा कुणीही असो, हांबुर्गचा की ब्रेमेनचा, आमच्याकडे तो प्रशियनच; आणि प्रशियन म्हणजे प्रोटेस्टंट, आमच्यासारखा कॅथलिक नव्हे.

"कुनी, माझी जुडी इथं होती."

"तुझी? तुझी फीत निळी असते."

"यंदा आईनं लाल सांगितली होती."

कुनीचा चेहरा उतरला. "अगं बाई! ती दांडगी जुडी तुझी होती? एका उंच बाईंना दिली मी. पांढरे केस, निळी टोपी. म्हणाल्या, हीच द्या, ही सगळ्यात भारी आहे."

"कुठं गेल्या त्या?"

"मला काय माहीत! आणि तू या टेबलावर ठेवलीसच कशी? चाळीस वर्षं हे टेबल इथंच आहे, इथलं सगळं वाटायचं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." मग तिनं आवाज खाली आणला. "आफ्रा, खरं सांग. घाईत ठेवलीस, की घरी न्यायचीच नव्हती?"

 आफ्राचे कान तापले.

"बरं, राहू दे. मी घरची दुसरी देते बांधून. म्हातारीला दिसतंय कुठे?"

"ती बोटांनी मोजते. वासानं ओळखते. आणि तुझी आशीर्वादाची नाही."

मागं चौतीस माणसं ताटकळत उभी होती. आफ्रा वळली आणि चालू लागली. त्या दिवशी तिनं आल्टनवेर्थ ज्या वेगानं दाखवलं, तसं आजवर कुणी दाखवलं नसेल. वेस, तट, मनोरा, मासळीबाजार. स्वीडिश सैन्यानं घातलेला वेढा तिनं एका वाक्यात उठवला. प्लेग आला तसा गेला. बोलता बोलता तिचे डोळे प्रत्येक गल्लीत निळी टोपी शोधत होते.

"हा मनोरा कुणी बांधला?" कुणीतरी विचारलं.

"गवंड्यांनी. पुढं चला."

ब्रेमेनचा एक गोलमटोल गृहस्थ धापा टाकत तिच्या बरोबरीला आला. "बाई, आग कुठं लागलीय?"

आणि आफ्रानं, जिनं पोस्टात छत्तीस वर्षं कुणाच्या घरचं कुणाला सांगितलं नाही, तिनं त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. आई, जुडी, टेबल, सगळं. तो रुमालानं मान पुसत ऐकत राहिला.

"निळी टोपी म्हणजे ब्रोडरसनबाई. कीलच्या. ऊन सोसत नाही म्हणून त्या केव्हाच जहाजावर परतल्या. आणि जहाज साडेबाराला सुटतं हो."

मनोऱ्यावरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते.

धक्क्यावर जहाजाच्या फळीपाशी एक तरुण खलाशी उभा होता. पाहुण्यांचं कार्ड नाही, तर आत प्रवेश नाही. आफ्रा वाद घालू लागली, तोच ब्रेमेनकर पुढं झाला. "यांना सोड बाबा. अर्धाच इतिहास झालाय, उरलेला जेवताना सांगणार आहेत."

आत जेवणघरात थंडगार होतं. सूप वाढणं चाललं होतं. आफ्राची नजर पहिल्या टेबलावर गेली आणि ती जागच्या जागी थिजली. टेबलावर पाण्याचा एक पेला, पेल्यात झेंडू आणि जवाची एक लोंबी. शेजारच्या टेबलावर पेल्यात शेपू. त्यापुढं बडीशेप. दारालगतच्या फुलदाणीत राजाची मेणबत्ती, उंच होते म्हणून मधोमध मोडून खोचलेली.

निळी टोपी मांडीवर ठेवून ब्रोडरसनबाई प्रसन्नपणे म्हणाल्या, "छान दिसतंय ना? टेबलं अगदी बोडकी होती. म्हटलं, एकटीनं कशाला ठेवायचं, सगळ्यांना वाटून टाकावं."

आफ्राला हसावं की रडावं कळेना. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला. मग ब्रेमेनकरानंच तिच्या वतीनं सांगितलं.

ब्रोडरसनबाई ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. त्या वर्षभरापूर्वी विधवा झालेल्या होत्या, हे आफ्राला नंतर कळलं. त्या उठल्या, चमचा घेऊन पेल्यावर टणटण वाजवला आणि शाळेतल्या हेडबाईंसारख्या आवाजात म्हणाल्या, "ऐका! मी एका मरणाऱ्या बाईची वस्तू तुम्हाला वाटलीय. ज्याच्या त्याच्याकडे जी काडी असेल, ती या टेबलावर आणा. आत्ता. सूप थांबेल."

खुर्च्या सरकल्या. माणसं एकेक करून येऊ लागली. एकानं कोटाच्या काजातून पांढरं फूल काढून दिलं. एकीनं वहीत दाबून ठेवलेलं पान दिलं. एक आजोबा कडवट काडी चघळत होते, ती त्यांनी धुवून, पुसून आणली. ब्रोडरसनबाई मोजत होत्या, आफ्रा लावत होती, खलाश्यानं कुठूनशी सुतळी आणली.

"तेवीस," ब्रोडरसनबाई म्हणाल्या. "एक राहिली."

कोपऱ्यातल्या टेबलावरची एक ठेंगणी म्हातारी लाजेनं लाल झाली होती. तिनं आपला रिकामा कप पुढं केला. तळाशी पुदिन्याची चोळामोळा झालेली पानं होती.

"मला वाटलं चहासाठीच दिलाय," ती म्हणाली.

जहाजाचा भोंगा झाला. आफ्रा उतरली. ब्रोडरसनबाई कठड्याशी येऊन काहीतरी ओरडत होत्या, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

वेशीपाशी कुनी वाट बघत होती, हातात घरचा पुदिना. "घाल यात. कुणाला कळतंय!"

आफ्रा क्षणभर थांबली. हात पुढं झालासुद्धा. मग तिनं तो मागं घेतला. "नको गं. आजवर कधी लबाडी केली नाही तिच्याशी, आता या घटकेला कुठं?"

घरी शेजारीण बसली होती, ती उठून गेली. आफ्रानं जुडी आईच्या पांघरुणावर ठेवली. म्हातारीचे हात आधी नुसतेच जुडीवर पडून राहिले, मग बोटं चालू लागली. एकेक काडी चाचपायची, नाकाशी न्यायची, बाजूला सारायची. आफ्रा पलंगाचा खांब धरून उभी होती. 

"मेणबत्ती मोडलीय," वाल्बुर्गा म्हणाली.

"हो."

"ही चावलीय कुणी?"

"एका आजोबांनी."

बोटं शेवटापर्यंत गेली, परत फिरली. "पुदिना कुठाय?"

आफ्रानं सांगितलं. काही लपवलं नाही, टेबलसुद्धा नाही. 

"चहात?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"साखर घालून?"

"मी विचारलं नाही, आई."

पांघरूण हलायला लागलं. आफ्राला वाटलं, ठसका लागला. ती पाणी आणायला वळली, तर म्हातारी हसत होती. दात नसलेल्या तोंडानं, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो. "प्रशियन बाई आशीर्वादाचा पुदिना प्यायली! आता कॅथलिक होऊनच मरेल बिचारी."

मग तिनं श्वास घेतला आणि जुडी दूर सारली. "तेवीस. कसं जमायचं? तेविसावर या घरातून कुणी गेलेलं नाही. माझी सासू नाही की तुझा बाप नाही."

"मग गं?"

"मग काय? पुढच्या वर्षी नीट आण. टेबलाबिबलावर ठेवू नकोस. आणि सूप आहे का घरात, की तेही जहाजावर वाटून आलीस?"

आफ्रा स्वयंपाकघरात गेली. पातेलं शेगडीवर ठेवलं आणि तिथंच स्टुलावर बसून तिनं मनसोक्त रडून घेतलं. सूप उतू गेलं, तेव्हा उठली.

वाल्बुर्गानं त्या दिवशी दोन वाट्या सूप घेतलं. डॉक्टरांना काही कळलं नाही, त्यांनी औषधाला श्रेय दिलं. दोन हजार चारच्या सणाला पाऊसपाणी चांगलं झालेलं होतं. जुडी चोवीसची भरली आणि आफ्रानं ती हातातून खाली ठेवली नाही. म्हातारीनं दोनदा मोजली, "ठीक आहे" एवढंच म्हणाली. नोव्हेंबरात, धुकं पडू लागलं तेव्हा ती झोपेतच गेली. राइंडल पुढच्या निवडणुकीत एकसष्ट मतांनी पडले, गटारयोजनेवरूनच. नंतर त्यांनी गळ आणि जाळ्यांचं दुकान काढलं, ते बरं चाललं. ब्रोडरसनबाई दोन हजार सहामध्ये रेल्वेनं आल्या, चार दिवस राहिल्या, बटाट्याच्या कोशिंबिरीत दही घालावं की नाही यावरून त्यांचं कुनीशी कडाक्याचं भांडण झालं. दोन हजार बारामध्ये त्या वारल्याचं त्यांच्या मुलीनं कळवलं. ब्रेमेनकराचं नाव कधी कुणी विचारलंच नाही. कुनीनं मंडळ अकरा वर्षं आणखी ओढलं. मग कंबरेनं दगा दिला आणि ती श्ट्राउबिंगला मुलाकडे राहायला गेली. दर रविवारी फोन करते आणि सुरुवात तक्रारीनंच करते.

गावाला पुढं पक्का धक्का झाला. आठवड्याला चार जहाजं थांबू लागली आणि आफ्रानं नऊ उन्हाळे लोकांना गाव दाखवलं, प्लेग आणि वेढा सविस्तर सांगून. आता ती ऐंशीची आहे. गुडघे तटावर चढू देत नाहीत. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्का दिसतो, आणि जहाजाला उशीर झाला की ती नगरपालिकेत फोन करून विचारते, कुठं अडलंय म्हणून.